लहानग्यांची आगगाडी

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षांत, नाताळच्या आठवड्यांत वाणगांव येथें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत बोलणाऱ्यानें देवमंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, कोणत्या सालीं कोणते धर्मगुरु आले, हें सांगावें अशी वहिवाट आहे. तें काम माझ्यापेक्षां अधिक जाणत्या वडीलधाऱ्या मंडळींनीं ह्याच व्यासपीठावरून उत्तम रीतीनें केलें आहे. मला मात्र समितीची आज्ञा झाली आहे ती अगदीं निराळ्या विषयावर बोलण्याची. गेल्या नाताळच्या सुट्टींत धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांस घेऊन आम्ही कांहीं जण पुण्यास गेलों, आणि तेथें खेळण्यांतील आगगाड्यांचें एक नगर पाहून आलों. त्या प्रवासाचा वृत्तांत मीं आपणांस सांगावा असें ठरलें आहे.

विषय लहान आहे. परंतु त्यामागील प्रश्न लहान नाहीं. सहल निघण्यापूर्वीं आपल्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनीं मला सरळ विचारलें होतें, "मास्तर, छपराचीं कौलें बदलावयाचीं राहिलीं आहेत, आजाऱ्यांच्या निधींत पैसा नाहीं, आणि तुम्ही पोरांना खेळण्यांतली गाडी दाखवायला पुण्याला नेतां? महोत्सवाचा पैसा ह्यासाठीं आहे काय?" त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती. मीं त्यांस त्या वेळीं एवढेंच म्हटलें कीं, "बाबा, जाऊन येतों, मग उत्तर देतों." ते आज पुढच्याच बांकावर बसले आहेत. हें सारें भाषण म्हणजे त्यांस द्यावयाचें उत्तर होय, असें आपण समजावें.

प्रथम आपल्या गांवाचें आणि आगगाडीचें नातें काय, तें पाहूं. १८५३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हें शाळेंतील प्रत्येक मूल जाणतें. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनीं, १८६४ सालीं, गुजरातेंतून निघालेला लोहमार्ग मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोंचला. आणि तो आला तो आपल्याच किनारपट्टीनें, डहाणू, पालघर, वसई ह्या वाटेनें. बी. बी. सी. आय. हें त्या कंपनीचें नांव आपल्या आजोबांच्या तोंडीं होतें. १९५१ सालीं तिची पश्चिम रेल्वे झाली. पुढें २०१३ सालीं, त्याच १६ एप्रिलच्या दिवशीं, उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊं लागली. विरारच्या पलीकडे तिचीं आठ स्थानकें आहेत, आणि त्यांत आपलें वाणगांव शेवटून दुसरें. तेव्हां दीडशें वर्षांहून अधिक काळ आपण ह्या रुळांच्या शेजारीं नांदत आहों. आपली मिरची ह्याच गाडीनें बाजारास जाते, आपले विद्यार्थी ह्याच गाडीनें कॉलेजास जातात, आणि आपले आजारी ह्याच गाडीनें मुंबईच्या इस्पितळांत पोहोंचतात. आगगाडीचे उपकार आपण विसरूं नयेत.

परंतु हीच आगगाडी लहान मुलाच्या डोळ्यांनीं पाहिली असतां कशी दिसते? मूल जागें होण्यापूर्वीं बाप पहिल्या गाडीनें कामावर निघून जातो, आणि मूल निजल्यावर परत येतो. आणि हीं तर भाग्यवान घरें म्हणावयाचीं. कारण त्यांचा माणूस रात्रीं तरी घरीं असतो. दिवाळी आटोपली, भात झोडून झालें, कीं आपल्या पाड्यापाड्यांवरील कित्येक कुटुंबें बिऱ्हाड पाठीशीं बांधून वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातात, तीं परततात पावसाळ्याच्या तोंडावर. कित्येक तरुण खलाशी म्हणून गुजरातेंतील वेरावळ, ओखा ह्या बंदरांकडे जातात आणि मासेमारीच्या बोटींवर महिनेच्या महिने काढतात. त्यांपैकीं कांहीं जण समुद्रांतील न दिसणारी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगांत वर्षें काढून आले आहेत, हें आपल्या डहाणू-तलासरीकडे कोणास सांगावयास नको. नाताळ येतो तो नेमका ह्याच दिवसांत. म्हणून आपल्या कित्येक मुलांच्या मनांत आगगाडी म्हणजे माणूस घेऊन जाणारी वस्तु आहे. ती आणील तेव्हां आणील.

अशीं तीसएक मुलें घेऊन आम्ही २७ डिसेंबरास पहांटेच्या लोकलनें निघालों. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनीं विरारपलीकडचा मुलूख कधीं पाहिला नव्हता. दादरला गाडी बदलून आम्ही पुण्याची गाडी धरली. कर्जतला ती थांबली तेव्हां मुलांस खालीं उतरून बटाटेवडे खाण्याची घाई झाली. मीं मात्र त्यांस गाडीच्या शेपटाकडे पाहावयास सांगितलें. तेथें मागून आणखी इंजिनें जोडलीं जात होतीं. पुढें बोरघाटाची चढण आहे. ती इतकी उभी, कीं सदतीस फूट पुढें जावें तर एक फूट वर चढावें लागतें. एकट्या पुढच्या इंजिनाच्यानें तें होत नाहीं, म्हणून मागच्यांनीं गाडी ढकलावयाची, आणि घाटमाथा आला कीं सुटून मुकाट्यानें खालीं परत यावयाचें. एक मुलगा म्हणाला, "मास्तर, म्हणजे त्या इंजिनाला पुणें कधींच बघायला मिळत नाहीं?" मीं म्हटलें, "नाहीं रे बाळ. पण पुण्यास पोहोंचलेल्या प्रत्येक माणसाच्या मागें तेंच होतें." हें ऐकून आमच्या बरोबरच्या एक वृद्ध मावशी, ज्यांनीं चार नातवंडें वाढविलीं, त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "मला ठाऊक आहे तें इंजिन."

हा घाट १८५६ ते १८६३ ह्या काळांत बांधला गेला. कडे तासतांना, बोगदे फोडतांना, पटकीनें आणि तापानें हजारों मजूर तेथें मेले; त्यांचीं नांवें कोणत्याही दगडावर कोरलेलीं नाहींत. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ सालीं ह्या कामासाठीं आला, आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें तें कंत्राट अंगावर घेतलें आणि जाणत्या अभियंत्यांच्या हातून काम पुरें करविलें. परक्या मुलुखांत पति गमावलेल्या त्या बाईची, आणि तिच्याहून अनंतपट अधिक गमावलेल्या त्या अनामिक मजुरांची गोष्ट मुलांनीं बोगद्याच्या अंधारांत ऐकली. खेळण्यांतील गाडी पाहण्यापूर्वीं खऱ्या गाडीची किंमत त्यांस कळावी, एवढाच माझा हेतु होता.

पुण्यांत आमच्या उतरण्याची सोय एका ख्रिस्ती वसतिगृहांत झाली होती. प्रथम आम्ही सारसबागेजवळील पेशवे उद्यानांत गेलों. तेथें 'फुलराणी' नांवाची मुलांची गाडी आहे. १९५६ सालच्या ८ एप्रिलपासून ती त्या उद्यानांत फेऱ्या घालीत आली आहे. आज जे पुणेकर आजोबा नातवास घेऊन तींत बसतात, ते स्वतः आपल्या बापाच्या मांडीवर बसून तींतून फिरले होते. फेरी चिमुकलीच. गाडी निघते, झाडांमागें जाते, शिट्टी घालते, आणि जेथून निघाली तेथेंच येऊन उभी राहते. ही गोष्ट मुलांच्या लक्षांत लगेच आली. आमच्यांतील सर्वांत धाकटा खालीं उतरून मोठ्यानें ओरडला, "अरे, ही परत आली!" त्याच्या आवाजांतला आनंद मला अजून ऐकूं येतो, कारण परत येणारी गाडी हें त्याच्या घरीं रोजचें नवल नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कोथरूडास कर्वे रस्त्याजवळील त्या संग्रहालयांत गेलों, ज्यासाठीं हा सारा प्रवास. लघुरेल्वेचें संग्रहालय असें त्याचें नांव. बाळकृष्ण शंकर जोशी, लोक ज्यांस भाऊ जोशी म्हणत, त्यांनीं ह्या छंदापायीं आयुष्य वेंचिलें. १९८२ सालीं त्यांनीं पुण्याच्या एका शाळेंत आपल्या लहान गाड्यांचें प्रदर्शन मांडिलें, आणि १९९८ सालीं हें कायमचें संग्रहालय लोकांसाठीं खुलें झालें. भाऊ आतां हयात नाहींत. पण त्यांचें नगर जागें आहे.

हें नगर एका खोलींत मावतें. खऱ्या वस्तूचे सत्याऐंशी भाग करावे आणि त्यांतील एक भाग घ्यावा, हें तेथील माप. खरा डबा सत्तर फूट लांब असतो. तेथें तो वीतभर आहे. पांच-सहा फुटांचा माणूस तेथें बोटाच्या पेऱ्याहूनही लहान होतो. अशा गाडीच्या दोन रुळांमधील अंतर अवघें साडेसोळा मिलिमीटर भरतें. पण एवढ्या लहान जागेंत काय नाहीं? डोंगर आहेत, बोगदे आहेत, पूल आहेत. टेकडीवर दोरानें ओढली जाणारी गाडी आहे. मोटारी धांवणारा हमरस्ता आहे, पोहण्याचा तलाव आहे, सर्कस आहे, आणि मोटारींत बसूनच चित्रपट पाहण्याचें एक नाटकगृहही आहे. वाफेच्या इंजिनापासून अतिवेगानें जाणाऱ्या विजेच्या गाडीपर्यंत सर्व पिढ्या तेथें एकाच वेळीं चालतात. गाडी जवळ आली कीं फाटक आपोआप पडतें, सिग्नल तांबडा होतो, आणि रस्त्यावरची रहदारी थांबते.

खेळ सुमारें पंचवीस मिनिटांचा असतो. एक गृहस्थ सांगत जातात आणि एकेक गाडी सुटत जाते. शेवटीं खोलींतले दिवे मालवतात. नगरांत रात्र होते. मग घराघरांतून, स्थानकांतून, गाड्यांच्या खिडक्यांतून बारीक बारीक दिवे लागतात. आमचीं मुलें, जीं एरवीं प्रार्थनेच्या वेळींही चुळबुळ करतात, तीं श्वास रोखून उभीं होतीं. मला कोणी विचाराल तर मी म्हणेन कीं, त्या अंधारांत मीं जी शांतता ऐकली, ती मध्यरात्रीच्या मिस्सेंत घंटा वाजण्यापूर्वींच्या शांततेची सख्खी बहीण होती.

दिवे पुनः लागले. मुलें प्रश्न विचारूं लागलीं. वीज कोठून येते, एकाच रुळावर दोन गाड्या आल्या तर काय, बोगद्यांत गाडी अडकली तर कोण काढतो. त्या गृहस्थांनीं सर्वांस शांतपणें उत्तरें दिलीं. सर्वांच्या शेवटीं आमच्यांतील एका नऊ वर्षांच्या मुलीनें विचारलें, "काका, ह्या गाडींतलीं माणसें उतरतात कोठें?"

ते थबकले. मग हंसून म्हणाले, "बेटा, हीं खेळण्यांतलीं माणसें, तीं फिरतच राहतात."

ती म्हणाली, "मग त्यांच्या घरीं दिवा कशाला लावला?"

त्या मुलीचें नांव मी येथें सांगत नाहीं. तिचे आईबाप त्या वेळीं दोघेही वीटभट्टीवर होते, आणि ती आजीपाशीं राहत होती, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. त्या प्रश्नास त्या गृहस्थांपाशीं उत्तर नव्हतें, आणि माझ्यापाशींही नव्हतें. आम्ही सारे कांहीं वेळ त्या दिव्यांकडे पाहत उभे राहिलों.

बंधुभगिनींनो, परत येतांना गाडींत मी एकच विचार करीत होतों. मोठी वस्तु लहान करून पाहण्याची ओढ माणसाला कां असावी? जर्मनींतील मेर्कलिन ह्या खेळणी करणाऱ्यांनीं १८९१ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत किल्लीवर धांवणारी गाडी आणि तिचे रूळ मांडले, आणि पुढें युरोप-अमेरिकेंत नाताळच्या झाडाखालीं फिरणारी गाडी हें नाताळचें एक भूषणच होऊन बसलें. पण ह्या सर्वांच्या कितीतरी आधीं एका माणसानें ही युक्ति केली होती. १२२३ सालच्या नाताळांत असिसीचे संत फ्रान्सिस ह्यांनीं इटलींतील ग्रेच्चो ह्या डोंगरी खेड्यांत खरी गव्हाण, खरें गवत, खरा बैल आणि खरें गाढव आणवून बेथलेहेमची रात्र लोकांच्या डोळ्यांपुढें उभी केली. जे लोक लॅटिन जाणत नव्हते, ज्यांनीं पुस्तक कधीं हातीं धरलें नव्हतें, त्यांस त्या रात्रीं देवाचें माणूस होणें दिसलें. तेथून आपले नाताळचे गोठे निघाले. पुढें नेपल्सच्या कारागिरांनीं गोठ्याभोवतीं सारा बाजार उभा केला. पाववाला, कोळीण, खानावळ, वाजंत्री, सारें. २०१९ सालच्या डिसेंबराच्या पहिल्या तारखेस दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्याच ग्रेच्चोस जाऊन गोठ्याचा अर्थ सांगणारें पत्र सर्व जगास लिहिलें, हें आपणांस आठवत असेल.

आपलीं मुलें हेंच करितात. त्यांच्या गोठ्यांत कुडाच्या भिंती असतात, भाताचा पेंढा असतो, ताडाचीं झाडें असतात, आणि कोणी तरी गेरूवर तांदळाच्या पिठानें वारली चित्र काढून ठेवतो. वारली चित्रांतसुद्धां आतां आगगाडी धांवतांना दिसते; कारण आपल्या चित्रकारांनीं जें भोगलें तेंच भिंतीवर काढलें. गोठा आणि लघुरेल्वे ह्यांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. जग मुलाच्या हातास पोहोंचत नाहीं. म्हणून कोणी तरी प्रेमानें तें त्याच्या उंचीस आणून ठेवतो. नाताळचें रहस्य ह्याहून निराळें तें काय? आकाशांत न मावणारा गव्हाणींत मावला, तो ह्यासाठींच कीं लहानांस त्याला हात लावतां यावा.

आतां, बाबा, आपल्या प्रश्नाकडे वळतों. मुलांच्या खेळावर पैसा खर्चणें ही चैन आहे काय? ह्याचें उत्तर आपल्याच तालुक्यांत फार पूर्वीं दिलें गेलें आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्राचें काम आरंभिलें, आणि पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. खेळ हेंच मुलाचें काम आहे, आणि मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हें त्यांनीं आपल्या आदिवासी पाड्यांवर करून दाखविलें. आंगणांत भरली ती अंगणवाडी, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं रानांत भरली ती कुरणशाळा. ज्या भूमीनें साऱ्या देशास अंगणवाडी दिली, त्या भूमीवर उभें राहून आपण खेळास चैन म्हणूं नये.

परंतु माझें उत्तर एवढ्यावर संपत नाहीं, कारण त्या मुलीचा प्रश्नही एवढ्यावर संपत नाहीं.

सहलीहून परतल्यावर, तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशीं, मी मुलांचे गोठे पाहत पाड्यावरून फिरत होतों. त्या मुलीच्या आजीच्या झोपडींत गेलों. गोठा नेहमींसारखाच होता. पण त्याच्या शेजारीं तिनें कागद चिकटवून आगपेट्यांची गाडी केली होती. काड्यांचे रूळ होते. आणि तिच्या गाडीला, पुण्याच्या त्या नगरांत जें तिला सांपडलें नव्हतें, तें होतें. रूळ गोल फिरत नव्हते. ते गोठ्याच्या दाराशीं येऊन संपत होते. तेथें मातीचा एक चौथरा होता, आणि त्यावर दोन मातीचीं माणसें उतरून उभीं होतीं. एकाच्या डोक्यावर बोचकें होतें.

मीं विचारलें, "हे मेंढपाळ काय गं?"

ती म्हणाली, "नाहीं मास्तर. आय आणि बापूस."

आईबाप त्या नाताळास आले नव्हते. ते आले मे महिन्याच्या अखेरीस, भट्ट्या बंद झाल्यावर. मी आपणांस गोड शेवटाची गोष्ट सांगावयास उभा नाहीं.

मी सांगूं इच्छितों तें हें. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्या उत्तम आहेत. कोणाचा बाप्तिस्मा केव्हां झाला, कोणाचें लग्न कोणीं लावलें, कोण केव्हां मातीआड झालें, हें सारें त्यांत आहे. परंतु नाताळच्या रात्रीं आपल्यांतील कोण कोठें आहे, हें कोणत्याही वहींत नाहीं. मध्यरात्रीच्या मिस्सेस मंदिर भरतें आणि आपणांस वाटतें कीं सारे आले. जे आले नाहींत त्यांची जागा रिकामी दिसत नाहीं, कारण आपण दाटीवाटीनें ती भरून काढतों. एका नऊ वर्षांच्या मुलीस मात्र ती रिकामी जागा दिसली.

बेथलेहेमास गेलेलें कुटुंब हेंही बिऱ्हाड घेऊन निघालेलें कुटुंब होतें. सरकारी नोंदणीसाठीं गरोदर बाई वाट चालत होती आणि धर्मशाळेंत जागा नव्हती. मिसर देशांत इस्राएल लोकांनीं विटाच पाडल्या, आणि त्यांचा आक्रोश देवानें ऐकला, असें शास्त्र सांगतें. तेव्हां नाताळच्या दिवशीं प्रभूच्या अधिक जवळ कोण असतो, मंदिरांतले आपण कीं भट्टीवरच्या भोंग्यांत चूल पेटविणारे ते, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं ठरवावें.

म्हणून महोत्सवी वर्षासाठीं मी तीन गोष्टी आपणांपुढें ठेवितों. पहिली, पाड्यापाड्यावरील प्रमुखांनीं दिवाळीनंतर लगेच एक वही करावी. कोणाचें कोण, कोणत्या भट्टीवर, कोणत्या बंदरावर गेलें, याची त्यांत नोंद असावी, आणि नाताळच्या मिस्सेंत तीं नांवें वाचलीं जावीं. दुसरी, ज्या भट्ट्यांपर्यंत जाणें शक्य आहे तेथें नाताळ आणि तीन राजांचा सण ह्यांमध्यें आपल्यांतील चार माणसांनीं जावें. मिठाईचा पुडा न्यावा, घरच्या म्हाताऱ्यांचा निरोप न्यावा, आणि त्यांचा निरोप घेऊन यावें. आपल्यापैकीं ज्यांच्यापाशीं वाहन आहे त्यांनीं एक दिवस द्यावा, एवढेंच. तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आईबापांबरोबर मूल गेलें कीं त्याची शाळा बुडते, आणि एकदां बुडाली कीं बहुधा बुडालीच. वसई-भिवंडीकडील भट्ट्यांवर विधायक संसद ह्या संस्थेनें भोंगा शाळा चालवून मुलांपर्यंत अक्षरें पोहोंचविलीं. सरकारनेंही गांवांत राहिलेल्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजना केली. आपण निदान एवढें करूं शकतों कीं, जें मूल आजीपाशीं मागें राहतें, त्याला रात्रीं अभ्यासास दिवा आणि पोटभर जेवण मिळतें कीं नाहीं, हें शेजाऱ्यानें पाहावें. ह्याला निधि लागत नाहीं, लक्ष लागतें.

बाबा, कौलें बदललींच पाहिजेत. पावसाळ्यापूर्वीं बदलूं, आणि मी स्वतः शिडीवर चढेन. पण आपण विचारलेंत म्हणून सांगतों, त्या सहलीचा खर्च मला अधिक वाटत नाहीं. तीस मुलांनीं एक नगर पाहिलें, तेथें प्रत्येक गाडीची वेळ सांभाळली जाते, प्रत्येक फाटक राखलें जातें, प्रत्येक घरांत दिवा असतो. एका माणसानें आयुष्य घालून तें उभें केलें, आणि त्यांत उणीव काय होती तें आपल्या एका मुलीनें ओळखलें आणि दोन आगपेट्यांत पुरी केली. जो धर्मग्राम आपल्या मुलांस एवढें पाहावयास शिकवील, त्याचें छप्पर गळणार नाहीं, असा माझा विश्वास आहे.

आज रात्रीं शेवटची गाडी येईल तेव्हां आपल्यांतील ज्यांचीं घरें स्थानकाजवळ आहेत, त्यांनीं क्षणभर दारांत उभें राहावें. कोण उतरतें तें पाहावें. ओळखीचा असेल तर त्याला हांक मारावी. अनोळखी असेल तर पाणी विचारावें.

हा महोत्सव आपणां सर्वांस, जवळच्यांस आणि दूर गेलेल्यांस, सुखाचा जावो. आणि गव्हाणींतील बाळ येशू आपल्या सर्व वाटसरूंस सुखरूप घरीं आणो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.